ऋण, गुप्तदान आणि दृष्टी : एका अतिनाट्याचा इतिहास

अतिनाट्य हा शब्द समीक्षेत बहुधा दूषण म्हणूनच योजला जातो. योगायोगांची रेलचेल, अश्रूंचा महापूर आणि अखेरीस सर्वांचे कल्याण, एवढाच त्याचा अर्थ धरला जातो. परंतु ज्या नाट्यप्रकाराने दीड-दोन शतके पाश्चात्य रंगभूमी व्यापली आणि पुढे चित्रपटाचे क्षेत्रही काबीज केले, त्याच्या मुळाशी केवळ अभिरुचीचा ऱ्हास असेल, हे संभवत नाही. दुसऱ्याच्या प्राणांची किंमत देऊन जो वाचला, त्याने त्या जगण्याचे काय करावे, हा प्रश्न शोकात्मिकेइतकाच अतिनाट्यानेही विचारला आहे. लॉइड सी. डग्लस यांची 'मॅग्निफिसंट ऑब्सेशन' ही कादंबरी (1929) आणि तिच्यावर 1935 व 1954 साली निघालेले दोन चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. एकाच कथेची पंचवीस वर्षांत तीन रूपे झाली, आणि प्रत्येक रूपात अपराध, दान व उद्धार यांचे परस्परांशी असलेले नाते बदलत गेले.

अतिनाट्याचा जन्म फ्रान्सचा. संगीत आणि गद्य उद्गार यांचा मेळ घालणारा रूसोचा 'पिग्मालियन' हा प्रयोग 1770 सालचा. पण या प्रकाराला निश्चित आकार दिला तो पिक्सेरेकूर याने. त्याचे 'सेलिना' हे नाटक 1800 साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले आणि दोनच वर्षांत हॉलक्रॉफ्टने त्याचे इंग्रजी रूपांतर लंडनला सादर केले. राज्यक्रांतीनंतर राजसत्ता व धर्मसत्ता या दोहोंचे आधार डळमळले होते. भले कोणते आणि बुरे कोणते, हे सांगणारे सर्वमान्य पीठ उरले नव्हते. अशा वेळी रंगभूमीने ते काम पत्करले आणि झाकलेले सत्य उघड करून निरपराध्याला न्याय दिला, असा सिद्धान्त पीटर ब्रूक्स यांनी 1976 साली मांडला. तो मान्य केला, तर अतिनाट्यातील योगायोग हा निव्वळ रचनेचा दोष ठरत नाही. जगामागे एखादी नैतिक व्यवस्था आहे की नाही, या शंकेला दिलेले ते एक भाबडे, पण आर्त उत्तर असते.

डग्लस हे कादंबरीकार होण्यापूर्वी धर्मोपदेशक होते. त्यांचा जन्म 1877 चा, अमेरिकेतील इंडियाना राज्यातला. अ‍ॅन आर्बर, अ‍ॅक्रन, लॉस एंजलिस आणि माँट्रिऑल येथील चर्चमध्ये त्यांनी उपदेशकाचे काम केले. पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. शिकागोतील एका लहानशा प्रकाशनसंस्थेने ती छापली. आरंभी तिचा खप मंद होता. पण आर्थिक मंदीच्या वर्षांत तिला वाचक मिळत गेले आणि अल्पावधीतच ती विलक्षण लोकप्रिय झाली. लोकांची संपत्ती आणि संपत्तीवरचा विश्वास ही दोन्ही नाहीशी होत असताना देण्यातच सामर्थ्य आहे असे सांगणारी कादंबरी त्यांनी जवळ केली, हे नवल नव्हे.

कथेचा गाभा थोडक्यात असा. रॉबर्ट मेरिक हा धनाढ्य, बेजबाबदार तरुण सरोवरात अपघाताने बुडतो. श्वासोच्छ्वास पुन्हा सुरू करणारे पल्मोटर नावाचे यंत्र लावून त्याला वाचवतात. ते यंत्र असते मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. हडसन या नामांकित शल्यविशारदाचे; आणि नेमक्या त्याच वेळी त्या यंत्राअभावी डॉ. हडसनचा अंत होतो. जगाला ज्याची गरज होती तो गेला आणि ज्याची कोणालाच गरज नव्हती तो उरला, ही बोचणी मेरिकच्या मनात घर करते. मेरिकने कोणतेही पाप केलेले नाही. त्याने यंत्र मागितले नव्हते. ते लावले गेले तेव्हा तो शुद्धीवरही नव्हता. म्हणजे त्याचा अपराध कायद्याचा नाही, हेतूचाही नाही. तो केवळ जिवंत असण्याचा अपराध आहे. जुन्या अतिनाट्यात अपराध खलपुरुषाचा असे; येथे खलपुरुषच नाही, आणि म्हणून दोष लादायला नायकाला स्वतःवाचून दुसरे कोणी सापडत नाही. डग्लस यांच्या कथेचे हे खरे नावीन्य होय.

हडसनच्या सांकेतिक लिपीतील रोजनिशीचा उलगडा झाल्यावर मेरिकला त्याचे रहस्य कळते. हडसन आयुष्यभर अडल्यानडल्यांना मदत करीत आला. पण दोन अटींवर. मदतीची वाच्यता व्हायची नाही आणि तिची परतफेड स्वीकारली जायची नाही. हे तत्त्व त्याला रँडॉल्फ नावाच्या शिल्पकाराकडून मिळालेले असते आणि त्याचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच्या चार वचनांत आहे. दानधर्म लोकांच्या देखत न करता गुप्तपणे करावा, असा त्यांचा आशय. मेरिक वैद्यक शिकतो, स्वतः मेंदूचा शल्यविशारद होतो आणि हडसनची रिकामी जागा भरून काढतो. मेंदूची शस्त्रक्रिया ही हार्वी कुशिंग यांच्यासारख्यांच्या कार्यामुळे त्या काळी नुकतीच स्वतंत्र शाखा म्हणून पुढे येत होती. अद्भुताची हौस आणि विज्ञानावरची श्रद्धा यांची सांगड घालण्यास लेखकाला याहून सोयीचा व्यवसाय मिळाला नसता.

गुप्तदानाची कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. किंबहुना तिच्या परिचयामुळेच या कादंबरीतील एक अडचण त्याच्या चटकन ध्यानी येते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, ज्याच्याकडून उलट उपकाराची अपेक्षा नाही अशाला दिलेले दान सात्त्विक. प्रत्युपकाराच्या आशेने अथवा फळावर दृष्टी ठेवून दिलेले ते राजस. डग्लस यांच्या पात्रांना घेणाऱ्याकडून काहीच नको असते, येथवर ते सात्त्विक दानाच्या जवळ येतात. पण फळ त्यांना हवेच असते. गुप्तपणे दिल्याने माणसाचे व्यक्तिमत्त्व विस्तारते, त्याला सामर्थ्य लाभते आणि अंगीकृत व्यवसायात तो श्रेष्ठ पदाला पोचतो, असे रँडॉल्फ सांगतो. रँडॉल्फला शिल्पकार म्हणून सिद्धी हवी होती, हडसनला शल्यविशारद म्हणून. म्हणजे परतफेड घेणाऱ्याकडून न येता विश्वाच्या हिशेबातून यायची आहे. गीतेच्या निकषाने हे दान राजसच ठरेल.

या आक्षेपाला एक उत्तर आहे. मत्तयाच्या वचनांतही गुप्तपणे पाहणारा पिता प्रतिफळ देईल असे आश्वासन आहे. तेव्हा डग्लस मूळ आधारापासून दूर गेले असे म्हणता येत नाही. मात्र तेथील प्रतिफळ देणाऱ्याच्या हिशेबाबाहेरचे आहे. उजव्या हाताचे डाव्यालाही कळू नये अशी जेथे अपेक्षा आहे, तेथे हिशेब ठेवणार तरी कोण? डग्लस यांचा हडसन मात्र रोजनिशी ठेवतो. त्या रोजनिशीवर त्यांनी पुढे 1939 साली स्वतंत्र पुस्तकही लिहिले. गुप्त ठेवलेल्या दानाची नोंद व्हावी, ती कोणाला तरी सापडावी आणि उलगडावी, ही अतिनाट्याची गरज आहे, दानधर्माची नव्हे. अतिनाट्याला गुपित हवे असते ते फोडण्यासाठी. गुप्त राहण्यातच ज्याचे सत्त्व आहे असे मूल्य या प्रकाराने विषय म्हणून निवडले, यातच कथेतील मूळ विसंगती आहे.

जॉन एम. स्टाल यांनी 1935 साली या कादंबरीवर चित्रपट केला. आयरिन डन आणि रॉबर्ट टेलर हे त्यातील प्रमुख नट. चित्रपटाने कादंबरीत केलेला एक बदल पुढे निर्णायक ठरला. कादंबरीत हडसनच्या विधवेला, हेलनला, इटलीतील रेल्वे-अपघातात इजा होते आणि त्या अपघाताशी मेरिकचा काही संबंध नसतो. चित्रपटात तिची दृष्टी मोटार-अपघातात जाते, आणि त्या अपघाताला मेरिकचे तिच्यामागे लागणे निमित्त होते. मृत डॉक्टरचे ऋण अमूर्त होते. आंधळी झालेली विधवा डोळ्यांसमोर उभी राहते. पहिल्या दोषात कर्तृत्व नव्हते, दुसऱ्यात ते आहे. कथा अधिक नाट्यपूर्ण झाली, हे उघडच आहे. पण त्याचबरोबर एका पुरुषाच्या उद्धारासाठी एका स्त्रीच्या देहाने किंमत मोजावी, अशी तिची बांधणीही पक्की झाली.

ही बांधणी ज्याने ओळखली तो दिग्दर्शक डग्लस सर्क. 1897 साली हॅम्बुर्ग येथे जन्मलेल्या या जर्मन नाट्यदिग्दर्शकाचे मूळ नाव डेटलेफ झिर्क. लाइपझिगच्या रंगभूमीवर आणि नंतर उफा चित्रसंस्थेत काम केल्यावर 1937 साली त्याने नाझी जर्मनी सोडली. निर्माता रॉस हंटर याच्यासाठी 1954 साली त्याने हा चित्रपट नव्याने केला. जेन वायमन हेलन झाली; तिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले. रॉक हडसन या नटाला याच चित्रपटाने अग्रस्थानी नेले. येथे मृत डॉक्टरचे नाव हडसन न राहता फिलिप्स झाले आणि रँडॉल्फ शिल्पकाराऐवजी चित्रकार बनला.

सर्कला मूळ पुस्तकाविषयी मुळीच आदर नव्हता, आणि पुढे जॉन हॅलिडे यांना दिलेल्या दीर्घ मुलाखतीत त्याने ते लपवले नाही. पण कथेच्या तळाशी त्याला युरिपिडीसच्या 'अल्केस्टिस'ची छाया दिसली. त्या नाटकात राजा अ‍ॅड्मीटस याचे मरण टळावे म्हणून त्याची पत्नी आपले प्राण देते; राजा शोक करतो, पण ते दान स्वीकारतो. दानाविषयी बोलताना देणाऱ्याची थोरवी सांगितली जाते. घेणाऱ्याच्या अवघडलेपणाकडे युरिपिडीसने बोट दाखवले. सर्कच्या चित्रपटात हेच अवघडलेपण आहे. पतीच्या गुप्त औदार्यामुळे त्याच्यामागे पैसा उरलेला नाही, हे हेलनला त्याच्या मृत्यूनंतर कळते. ज्या दानाची थोरवी चित्रपट गातो, त्यात तिचाही वाटा होता. पण तिला कोणी विचारले नव्हते. आंधळी झाल्यावर मेरिक खोटे नाव घेऊन तिच्या सहवासात येतो. त्याचे गुप्त राहणे धर्मवचनाला धरून आहे. प्रेमाच्या दृष्टीने ते कपटच आहे. आणि सत्य कळल्यावर, आपण त्याच्यावर भार होऊ नये म्हणून ती निघून जाते. चित्रपटातील हे एकमेव दान असे की ज्यातून देणारीला काहीच मिळायचे नसते.

शेवट अतिनाट्याच्या नियमाप्रमाणे होतो. वर्षे लोटतात, शल्यविशारद झालेला मेरिक न्यू मेक्सिकोत तिच्यावर शस्त्रक्रिया करतो, तिची दृष्टी परत येते. रसेल मेटी यांच्या छायालेखनातील भडक रंगसंगती आणि फ्रँक स्किनर यांच्या संगीतातील वृंदस्वर यांमुळे हा चमत्कार चमत्कार म्हणूनच समोर येतो. त्याला संभाव्यतेचा मुलामा दिलेला नाही. त्या काळच्या समीक्षकांनी यात केवळ बटबटीतपणा पाहिला. 1971 साली हॅलिडे यांचे पुस्तक आणि फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाचा सर्कविषयीचा निबंध, पाठोपाठ 1972 साली टॉमस एल्सेसर यांचा कौटुंबिक अतिनाट्यावरील लेख, यांनी मत पालटले. भडकपणातच टीका दडलेली आहे, असे म्हटले जाऊ लागले.

हे पुनर्मूल्यमापन योग्य असले, तरी त्यात एक धोका आहे. सर्कचा उपरोध ओळखला की प्रेक्षकाच्या अश्रूंना हसण्याचा अधिकार मिळतो, असा समज त्यातून पसरू शकतो. वस्तुतः हे अश्रू अडाणी नव्हते. आपल्या जगण्यासाठी कोणीतरी, कोठेतरी, न विचारता मोल दिले आहे, ही जाणीव प्रत्येक पिढीला असते; महायुद्धातून वाचून परतलेल्यांना ती विशेष असणार. मृताचे ऋण मृताला फेडता येत नाही. ते पुढच्याला द्यावे लागते, आणि दिल्यानेही ते फिटत नाही. डग्लस यांनी ते फिटते असे सांगितले, स्टाल यांनी त्याला प्रेमकथेचा आकार दिला, आणि सर्कने ते फिटल्याचा देखावा इतका झगझगीत केला की त्याविषयी शंका यावी. तिन्ही रूपे एकत्र पाहिली म्हणजे अतिनाट्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात. ते खरा प्रश्न विचारते. उत्तर मात्र त्याला चमत्काराकडे मागावे लागते. समीक्षेने त्या उत्तराला हसण्यापूर्वी प्रश्नाची दखल घ्यावी, एवढी अपेक्षा रास्त ठरेल.