फुगलेल्या कपॅसिटरांचा काळ

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. 2000 च्या आसपास भारतातील असंख्य घरांतला पहिला संगणक अशा बाजारांतून सुटे भाग आणून जुळवलेला असे. ‘असेंबल्ड’ हे त्याचे रूढ नाव. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांपैकी काही यंत्रे विचित्र वागू लागली. पडदा मध्येच गोठे, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. संशय साहजिकच विजेच्या चढउतारांवर जाई. मग नवा स्टॅबिलायझर येई, रॅम बदलली जाई, विंडोज पुन्हा टाकले जाई. पैसे खर्च होत आणि दोष तसाच राही.

तो दोष मदरबोर्डवर, प्रोसेसरभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या लहान डब्यांत होता आणि भारतापुरता मुळीच नव्हता. त्या काळातील काही तैवानी उत्पादकांचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जगभर अकाली निकामी होत होते. अंतर्गत रोध कमी राहावा म्हणून त्यांच्या द्रावात पाण्याचे प्रमाण जास्त ठेवलेले असे. पाणी ॲल्युमिनियमवर हल्ला करते. तो रोखणारी रसायने द्रावात नसतील तर हायड्रोजन वायू साठतो, डब्याचे डोके फुगते आणि वरच्या खाचा उकलून तपकिरी द्राव बाहेर येतो. द्रावाचे सूत्र चोरताना ते अर्धवटच हाती लागले, ही कथा तेव्हा फार गाजली. ती न्यायालयात कधीच सिद्ध झाली नाही. रसायनशास्त्राला मात्र तिची गरजही नाही. उष्णतेने त्यात भरच घातली, कारण तापमान 10 अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते.

दोष शोधण्यातली खरी अडचण वेगळीच होती. साधा मल्टिमीटर धारकता मोजतो आणि ती पुष्कळदा ठीकच दिसते. बिघडलेला असतो तो अंतर्गत रोध. प्रोसेसरला सुमारे दीड व्होल्टवर कित्येक अँपिअर प्रवाह लागतो; रोध काही मिलिओहमांनी वाढला तरी व्होल्टता डळमळते आणि गणित चुकते. त्यामुळे मीटरपेक्षा डोळा अनेकदा उजवा ठरे. मात्र डबा न फुगताही रोध वाढू शकतो, आणि तेथे डोळाही फसे.

ज्या कारागिरांनी हे ओळखले, त्यांनी बोर्ड फेकला नाही. कमी रोधाचे, 105 अंशांचे नवे कपॅसिटर झाळले. जुना काढण्यापूर्वी ऋण टोकाची खूण टिपून ठेवावी लागे, कारण बोर्डवर रंगवलेली अर्धी बाजू बहुतेकांत ऋण असली, तरी काहींत ती धन असे.