शहराचा कचरा, गावाची खण

कोल्हापुरात सकाळी कपिलतीर्थ मंडईत पिशवी घेऊन फिरताना आपण एका तळ्यावर उभे आहोत, हे कुणाच्या मनातही येत नाही. गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ होते, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचे तळे. 1854 मध्ये नगरपालिका आली, शहर वाढत गेले आणि पोटातली तळी एकेक करून बुजली. जागा हवी झाली की आपलाच खोलगट भाग भरून काढायचा, असा तो काळ होता. रंकाळा आणि कोटीतीर्थ वाचले. रंकाळ्याशेजारच्या इराणी खणीत आता गणपतींचे विसर्जन होते.

1972 मध्ये महापालिका झाली, पण हद्द जवळपास जुन्याच नगरपालिकेची राहिली, 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत तेवढ्यात साडेपाच लाख माणसे मोजली गेली. हद्दवाढीचा विषय निघाला की भोवतालची गावे बंद पुकारतात. घरफाळा शहराचा आणि सोयी गावच्या, ही त्यांची भीती. अखेर हद्दवाढीऐवजी 2017 मध्ये 42 गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण स्थापन झाले. महापालिकेची हद्द तेवढीच राहिली, रोजचा कचरा मात्र दोनशे टनांच्या घरात गेला.

हा कचरा जातो कसबा बावड्याच्या लाईन बाजारात. केंद्राचे घनकचऱ्याचे नियम 2000 मध्ये आले. त्याच सुमारास कचऱ्यापासून खत करण्याचे काम ‘झूम’ नावाच्या खासगी कंपनीकडे गेले. कंपनी गेली, नाव जागेला चिकटले. आजही बावडेकर ‘झूमला आग लागली’ असेच म्हणतात.

आणि आग लागतेच. मंडईतला कोबीचा पाला, हॉटेलांतले खरकटे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या एकत्र दाबल्या गेल्या की आत हवा पोचत नाही. पाला कुजताना मिथेन तयार होतो, ढीग तापतो आणि उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. वरून पाणी मारले तरी आतली धग दिवसेंदिवस धुमसत राहते. पावसाळ्यात ढिगातून काळे पाणी झिरपते, आणि पंचगंगा नदी काही फार लांब नाही. तिच्यावरचा राजाराम बंधारा याच बावड्याचा. धूर, वास, माश्या आणि मोकाट कुत्री यांच्या तक्रारी घेऊन लाईन बाजारचे लोक वर्षानुवर्षे महापालिकेत खेपा घालत आले. शहरात राहूनही शहराचा उकिरडा आपल्याच दारात का, हा त्यांचा प्रश्न.

ढीग वाढला तशी नवी जागा शोधणे आले. नजर गेली हद्दीबाहेर, हातकणंगले तालुक्यातल्या टोपकडे. पुणे-बंगळूर महामार्गालगतचे हे गाव चिन्मय गणाधीशाच्या भव्य मूर्तीसाठी ओळखले जाते, आणि दगडाच्या खाणींसाठीही. दगड काढून रिकामी झालेली खण महापालिकेच्या लेखी तयार खड्डा होता. टोपकरांनी विरोध केला आणि वाद न्यायालयात गेला.

टोपच्या लोकांचा धसका राज्यात इतरत्र जे घडले त्यावरून समजतो. पुण्याने 1991 च्या सुमारास कोथरूडचा डेपो उरुळी देवाची-फुरसुंगीला हलवला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले आणि गावकऱ्यांनी वारंवार गाड्या अडवल्या. औरंगाबादेत फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावकरांनी गाड्या रोखल्या, तेव्हा शहरभर कचऱ्याचे ढीग साचले.

केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी भरावभूमीला अटी घातल्या. नदीपासून 100 मीटर, तर वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या विहिरींपासून 200 मीटर अंतर हवे. तिथे जायचा तोही फक्त प्रक्रियेनंतर उरलेला, न कुजणारा आणि न जळणारा भाग. बावड्याचा जुना ढीग उपसून, चाळून माती आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे कामही महापालिकेने हाती घेतले. पण चाळणीवर राहिलेले कुठेतरी टाकावेच लागते, म्हणून खणीचा विषय संपत नाही. येणार ते निव्वळ निरुपद्रवी अवशेष, असे टोपला सांगितले तरी ते पटवणे अवघड आहे. बावड्यातही सुरुवात खताच्या प्रकल्पानेच झाली होती.