यंत्राच्या साक्षीला जामीन कोण?

1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम 45 ने तज्ज्ञाच्या मताला न्यायालयात स्थान दिले, तेव्हा त्यात परकीय कायदा, शास्त्र, कला आणि हस्ताक्षराची ओळख एवढेच विषय होते. बोटांच्या ठशांचे नावही नव्हते. बंगालमधील सनदी अधिकारी विल्यम हर्शेल यांनी 1858 मध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला होता खरा, पण त्यांचा हेतू गुन्हेगार शोधण्याचा नसून कंत्राटदाराने पुढे करार नाकारू नये एवढाच होता.

ठसा घेणे सोपे, हजारो ठशांच्या दप्तरातून नेमका हवा तो काढणे अवघड. ही अडचण 1890 च्या दशकात बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कचेरीत सुटली आणि ती सोडवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. दहा बोटांच्या पाच जोड्या करून, ज्या बोटावर चक्राकार रेषा असतील त्याला ठरावीक अंक आणि इतरांना शून्य द्यायचे, अशी ती रीत असून तिच्यामुळे सारे ठसे 1,024 वर्गांत विभागले जात. जगभर ती हेन्रींच्याच नावाने ओळखली गेली. हक आणि बोस यांना खानबहादूर आणि रायबहादूर हे किताब मिळाले, पण पद्धतीला त्यांची नावे मिळाली नाहीत, आणि वसाहतीच्या कारभारात याचे कोणाला फारसे नवलही वाटले नसावे.

1897 मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला आणि लगेचच त्याची कसोटी लागली. जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता आणि त्याच्या सामानातील एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा डाग सापडला. तो पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या त्याच्याच एका जुन्या नोकराच्या, कांगाली चरणच्या, दप्तरातील उजव्या अंगठ्याच्या ठशाशी जुळला. 1898 मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, मात्र खुनाच्या आरोपातून सोडले. ठसा माणूस तिथे होता एवढे सांगतो, त्याने काय केले ते सांगत नाही, हा भेद त्या निकालाने पहिल्याच फेरीत ओळखला. पुढच्याच वर्षी, 1899 मध्ये, कलम 45 मध्ये दुरुस्ती होऊन ठशांची ओळख तज्ज्ञमताच्या कक्षेत आली.

ध्वनिफितीने शंकेचे स्वरूप बदलले. ठशाबाबत प्रश्न ‘हा कोणाचा?’ असा होता, फितीबाबत तो ‘यात कोणी फेरफार केला का?’ असा झाला. मुंबई महापालिकेतील कारकुनाला लाच देऊ केल्याच्या युसुफअली नगरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकात छुप्या मायक्रोफोनने केलेले ध्वनिमुद्रण ग्राह्य धरले. मात्र फीत मोहोरबंद केलेली नव्हती, याची दखल घेऊन अशा पुराव्याकडे सावधपणे पाहावे असेही बजावले.

संगणकाच्या नोंदींसाठी 2000 च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने पुरावा अधिनियमात कलम 65ब घातले. मूळ यंत्र न्यायालयात न आणता त्यातील नोंदीची प्रत द्यायची असेल, तर यंत्राचा कारभार पाहणाऱ्या जबाबदार व्यक्तीने ती नोंद नेहमीच्या वापरात तयार झाली असे प्रमाणपत्र द्यावे, हे त्याचे सार. गंमत अशी की ज्या 1968 च्या इंग्रजी दिवाणी कायद्यावरून हा मजकूर जवळपास जसाच्या तसा उचलला, त्यातील ते कलम इंग्लंडने 1995 मध्येच रद्द केले होते. त्यानंतरची वीस वर्षे या प्रमाणपत्राच्या वादात गेली: संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात 2005 मध्ये ते अत्यावश्यक नाही असे ठरले, 2014 च्या अन्वर निकालाने ते सक्तीचे केले, 2018 मध्ये त्यात पुन्हा सवलत मिळाली.

अखेरचा निर्णय 2020 मध्ये झाला, आणि तो एका मराठी निवडणूक वादातून. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी झाले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, हे कैलास गोरंट्याल यांना निवडणूक कार्यालयातील चित्रफितींवरून दाखवायचे होते, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचेच ठेवले, पण ज्याच्या हाती यंत्र आहे तोच टाळाटाळ करत असेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे धाव घ्यावी, अशी वाटही दाखवली. खटला निवडणुकीचा असला, तरी नियम फौजदारी न्यायालयांनाही लागू झाला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने त्यात आणखी एक सही वाढवली. प्रमाणपत्राचा पहिला भाग यंत्राच्या धारकाने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून, मजकुरावरून गणिताने काढलेला आणि एक अक्षर बदलले तरी बदलणारा ‘हॅश’ अंक त्यात नोंदवायचा आहे. ही तरतूद तत्त्वतः योग्य असली, तरी तिचा क्रम उलटा आहे: सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाला घटनास्थळी पाठवण्याची व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली आहे, तज्ज्ञाच्या सहीला मात्र एका दिवसाचीही नाही.