तीन मजली डबा

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत राजापेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून एक पितळी डबा खाली आला. डबा म्हणजे एक उंच नळकांडे. त्याच्या पोटात एकावर एक बसणारी तीन भांडी, ती एकत्र उचलण्याची दांडी, आणि बुडाशी कोळशाची एवढीशी शेगडी. माझ्या मुलीने त्याला टिफिन म्हटले. तो कुकर आहे हे तिला पटवताना माझी पुरेवाट झाली; कारण त्याला शिटी नव्हती.

ह्या डब्याचे मूळ कुळ कलकत्त्याचे. तेथील डॉक्टर इंदुमाधव मल्लिक ह्यांनी 1910 साली 'इक्मिक कुकर' तयार केला. हायजिनिक आणि इकॉनॉमिक ह्या दोन शब्दांची मोडतोड करून जुळवलेले ते नाव. जगन्नाथपुरीच्या देवळात मडक्यांची उतरंड रचून महाप्रसाद शिजवतात, ती पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. युक्ती साधी होती. नळकांड्यात तळाशी पाणी घालायचे, भांड्यांत डाळ, तांदूळ, भाजी ठेवायची, कोळसे पेटवून झाकण लावायचे आणि आपल्या कामाला निघून जायचे. दोन-तीन तासांनी यावे तो जेवण तयार. जवळ बसायला नको, ढवळायला नको, करपायची भीती नाही. पुढे ह्याच तऱ्हेचे डबे निरनिराळ्या नावांनी देशभर झाले, त्यांतला एक आमच्या घरी आला.

आता वाचकांना वाटेल की तो माझ्या आजीसाठी आला असेल. मलाही लहानपणी तसेच वाटे. आजोबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम होते. कापसाच्या हंगामात त्यांचा मुक्काम कधी मूर्तिजापूर, कधी अकोला. तिकडे हाताने रांधायची पाळी येऊ नये म्हणून त्यांनी डबा घेतला. हंगाम संपला की तो धुऊन, पुसून माळ्यावर जाई, आणि घरची चूल होती तशीच धुपत राही. मी एकदा आजीला विचारले, तर ती म्हणाली, "त्याईनं तो सोतासाठी आनला होता माय. माह्यासाठी काहून आनतील? मी तं होतीच ना घरी."

ह्या एका वाक्यात स्वयंपाकघरातल्या यंत्रांचा निम्मा इतिहास आला असे मला वाटते. इक्मिकचे मोठे गिऱ्हाईक कोण? खोलीवर राहणारे विद्यार्थी, फिरतीवरचे नोकर, प्रवासी. म्हणजे ज्यांच्या घरी रांधणारी बाई नाही असे लोक. जिच्या घरी ती होती, तिथे शोधाची निकड कोणाला भासावी?

आणि वऱ्हाडातली चूल म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगितले पाहिजे. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या. त्यांच्या आणि तुराट्यांच्या मोळ्या घरामागे रचून ठेवायच्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते. ओली असली तर नुसती धुमसते. चुलीपुढून उठायची सोय नाही. एका हाताने भाकर थापायची, दुसऱ्याने पऱ्हाटी सारायची, मध्येच फुंकणी तोंडाला लावायची. आजीचे डोळे पन्नाशीतच गेले, आणि छाती शेवटपर्यंत वाजत राहिली. तिने आयुष्यात विडी ओढली नव्हती. डॉक्टरांनी फुप्फुसे तपासून "चुलीवर किती वर्षं?" एवढेच विचारले.

ह्याला उपाय निघाला नव्हता असे मात्र नाही. तो निघाला होता, आणि निघाला होता कुठे, तर वर्ध्याला! बडनेऱ्याला गाडीत बसावे आणि काही तासांत उतरावे, इतक्या जवळ. 1934 साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापला, जमनालाल बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली, आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. जे. सी. कुमारप्पा तेथे चिटणीस होते. घाणी, चक्की, हातकागद ह्यांच्यावर तेथे प्रयोग चालत. त्याच मगनवाडीतून 'मगन चूल' आली. मातीची, बंद पोटाची. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापावीत अशी ओळीने भोके, आणि धूर धुराड्यातून थेट छपराबाहेर. विकत घ्यायचे असे तीत फारसे काही नव्हते. माती आपली, हात आपले.

मग ती राजापेठेत का आली नाही? ह्याचे खापर मी कोणावर फोडत नाही. बंद तोंडात लांब पऱ्हाट्या जात नाहीत, त्या मोडून घालाव्या लागतात. भाकर तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवायची, त्याला जागा राहत नाही. धुराडे काजळीने बुजते, ते साफ करायला छपरावर पुरुषच चढावा लागतो. ह्या अडचणी खऱ्या होत्या. पण आमच्या घरात त्यांचा विचार करण्याइतकीही गोष्ट पुढे गेली नाही. 1983 नंतर सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तोवर आजीला चुलीतला जाळ दिसेनासा झाला होता.

प्रेशर कुकरची कथा सर्वांना ठाऊक आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली लंडनमध्ये हाडे मऊ करणारे बंद भांडे केले. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज यायला 1959 उजाडले. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपुरतेच. दाब वाढला की पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते, आणि आमची हट्टी तूरडाळही शरण येते, एवढे मला कळते.

मला त्याहून कौतुक मिक्सरचे वाटते. मुंबईत सीमेन्समध्ये नोकरीला असलेले अभियंते सत्यप्रकाश माथूर ह्यांच्या घरी एक जर्मन मिक्सर होता. आपले वाटण वाटता वाटता तो जळाला. पत्नी माधुरी माथूर ह्यांची गरज समोर ठेवून त्यांनी दणकट मोटर बनवली, आणि 1963 साली 'सुमीत' उभा राहिला. परदेशी यंत्राला वाटण झेपेना, तेव्हा दोष वाटणाला न देता यंत्राला दिला गेला, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. पाट्याला टाकी लावणाऱ्या बायांची आरोळी मात्र त्या घरघरीत हळूहळू विरली. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा आजीला दिसत नव्हते. तिने भांड्यावर तळहात ठेवला, आईने बटण दाबले, आणि तिने दचकून हात मागे घेतला. मग झाकण उघडायला लावून तिने वाटणाचा वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "बारीक झालं. अजून एक खेप फिरव."

डबा मी घासून घेतला आहे. मुलगी त्यात फुले ठेवू म्हणते. मी एकदा त्यात वरण-भात लावून पाहणार आहे. कोळसे तेवढे मिळाले पाहिजेत.