‘मोकळी जमीन’ : मुंबईतील सार्वजनिक मालकीच्या गिरणी-जमिनींचे हस्तांतरण (१९९१ ते २००६)

इंग्रजी अमलात ‘वून’ या नावाने ओळखला जाणारा आणि १९०५ पासून यवतमाळ म्हणून परिचित असलेला जिल्हा वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात मोडतो. ‘वून’ म्हणजेच आजची वणी. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि या पट्ट्यातील कापसाला मुंबईचा मार्ग सुलभ झाला. त्यातील काही परदेशी गेला, काही मुंबईच्या गिरण्यांत सूत झाला. या गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्याखालील जमिनीचे काय झाले, हा प्रश्न त्यामुळे केवळ मुंबईकरांचा राहत नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे काढलेली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काळात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत ‘गिरणगाव’ वसले. त्या वेळी शहराच्या कडेला असलेली ही जमीन शहर उत्तरेकडे वाढत गेल्याने त्याच्या मध्यभागी आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. संपानंतर १९८३ मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले व १९९५ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. पूर्वीच्या गिरण्या धरून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे (एनटीसी) मुंबईतील २५ गिरण्या आल्या. शहराच्या ऐन मध्यवर्ती भागातील एवढी जमीन सार्वजनिक मालकीची होणे ही असाधारण घटना होती. तत्कालीन चर्चेत मात्र तिचा विचार प्रामुख्याने ‘आजारी उद्योग’ एवढ्याच अंगाने झाला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे ठरविले : एक महानगरपालिकेकडे उद्याने व मैदानांसाठी, दुसरा म्हाडाकडे सार्वजनिक घरांसाठी आणि तिसरा मालकाकडे. जुनी बांधकामे पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही या वाटणीत येत होती. साहजिकच मालक पुढे येईनात. इमारती पाडल्या तरच जमीन द्यावी लागत असल्याने त्या न पाडता वापर बदलण्याकडे कल वाढला. १९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याने एनटीसीच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, तर एकत्रित विचार केला. परळ व एल्फिन्स्टन रोड ही लगतची स्थानके जोडणारा, पादचाऱ्यांसाठी मोकळा चौक हा त्यातील एक प्रस्ताव होता. आराखडा कागदावरच राहिला.

२००१ मध्ये ५८ वा नियम बदलण्यात आला. या दुरुस्तीनंतर वाटणीस पात्र ठरली ती केवळ ‘मोकळी जमीन’, म्हणजे ज्यावर आधीपासूनच बांधकाम नव्हते ती. गिरणीच्या आवारात अशी जागा कितीशी असणार? शेड, गोदामे, खाती यांनी आवार व्यापलेले असे. सार्वजनिक वाटा रद्द झाला असे कोठेही म्हटले गेले नाही. तो मोजण्याचे माप तेवढे बदलले. जमिनीच्या इतिहासात विक्रीखतापेक्षा व्याख्या अधिक निर्णायक ठरल्याची ही ठळक नोंद आहे.

२००५ मध्ये एनटीसीने पाच गिरण्यांच्या जमिनी निविदेद्वारे विकल्या : ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, कोहिनूर क्र. ३ ४२१ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी व मुंबई टेक्सटाइल ७०२ कोटी रुपये. एकूण २,०२० कोटी. देणी फेडणे, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देणे व उरलेल्या गिरण्यांचे पुनरुज्जीवन ही कारणे दिली गेली, आणि ती खोटी नव्हती. तथापि महामंडळाची भूमिका यात खासगी मालकाहून वेगळी दिसत नाही. मुंबई टेक्सटाइलची सुमारे १७ एकर जमीन डीएलएफने २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली. मधल्या काळात कायदेशीर अनिश्चितता संपली होती, हे लक्षात घेऊनही हा फरक लहान नाही.

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने नियम रद्द केला नाही. पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही ‘मोकळी जमीन’च होय, असा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि विक्रीही ग्राह्य धरली. एका शब्दाच्या दोन वाचनांमध्ये साडेचार महिन्यांचे अंतर होते.

कामगारांसाठी म्हाडाने २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदारांची संख्या लाखाच्या पुढे होती. इंदू मिल क्र. ६ ची सुमारे साडेबारा एकर जमीन मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी राखली गेली. त्यामागे लिलावाचा नव्हे, आंदोलनाचा रेटा होता. विदर्भातही हा प्रश्न अनोळखी नाही : जमशेदजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेली आणि पुढे राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आलेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जमिनीवर आता मॉल उभा आहे.

गिरणगावात कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, नोकरदारांची ये-जा वाढली. स्थानकांचे जिने व पूल मात्र तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. कोरिया अभ्यासगटाने मोकळा चौक सुचविला होता, तो याच स्थानकालगत.