मिरजेची कानस

मिरजेच्या तंतुवाद्यांवर जे लिहिलं जातं, त्यात वाद्य घडवण्याचं कौतुक फार असतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, दांडीवरची नक्षी, सगळं त्यात येतं. मी गाणं शिकवते, मैफलीत मागे तंबोऱ्याला बसते आणि त्याचा आवाज बसला की त्याला मिरजेला घेऊन जाते. त्यामुळे या गावाचा इतिहास मला दुसऱ्या टोकाकडून दिसतो. मिरज आधी दुरुस्तीचं गाव झालं, निर्मितीचं नंतर.

गावात सांगतात ती हकिकतही हेच सांगते. फरीदसाहेब हे शिकलगार. हत्यारांना धार लावणं, पाणी देणं हा घरचा धंदा. १८१८ साली पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. मिरजेचं पटवर्धनी संस्थान मात्र टिकलं होतं आणि दरबारात गाणं होतं. वाद्यं उत्तरेतून यायची. वाटेत भोपळा तडकला, खुंटी पिचली, तर ती लखनौ-दिल्लीला परत धाडणार कोण? बारीक कामाला सरावलेले हात गावात होतेच, ते या कामाला लागले. उघडून पाहता पाहता वाद्य कळत गेलं आणि १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी स्वतःचा तंबोरा केला. आज इथल्या दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीत बसलेले कितीतरी कारागीर आपली परंपरा त्यांच्यापर्यंत नेतात.

शिकलगाराच्या हाताला हे काम का जमलं, हे समजायला जवारी पाहावी लागते. तंबोऱ्याच्या तबलीवर घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. गिटारची किंवा व्हायोलिनची तार आधाराच्या अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद, आणि तिचा माथा किंचित उतरता असतो. छेडलेली तार थरथरताना त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते, त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. उतार केसभर कमी-जास्त झाला की आवाज एकतर कोरडा पडतो, नाहीतर झणझणतो. हा उतार नेमका साधणं म्हणजे जवारी काढणं, आणि सगळं कसब या केसभरात आहे. कारागीर घोडीला डोळा लावून तारेखालची उजेडाची रेघ बघतो, कानस दोन-चारदा फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस घेतो. पात्याचा बाक नजरेने मोजणाऱ्या माणसाला हे परकं नव्हतं. फक्त इथे धार काढायची नव्हती, मोडायची होती.

विज्ञानाला या घोडीची दखल घ्यायला बराच वेळ लागला. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात दाखवलं की तंबोऱ्याची तार एक मान्य नियम मोडते. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात ते स्पष्ट येतात, कारण तार घोडीला लागताना ते नव्याने जन्मतात. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार याच कुळातला. तंबोरा नीट लागला की नाही, याची मी पहिली खूण तोच धरते.

पण असा तंबोरा मागणारं गिऱ्हाईकही हवं, आणि तिथे मिरजेचं नशीब थोर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे गाणं शिकवत होते. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे झाले. १९३७ साली मद्रासजवळ प्रवासात ते गेले, तेव्हा त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं गणित मांडत होते. त्यांचं पुस्तक १९१० साली निघालं. त्यांच्या श्रुतींच्या कामाला खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची मंडळी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावून गातात. आता कल्पना करा, एवढ्या बारीक कानाचा माणूस गल्लीत येऊन म्हणतो, जवारी अजून खुलत नाही. त्याला 'चालेल' म्हणून वाटेला लावता येत नाही. मिरजेची कानस तयार झाली ती अशा गिऱ्हाइकांच्या कटकटीवर.

रेल्वेनेही हातभार लावला. १८९१ साली कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि मिरज जंक्शन झालं. पुण्याचा, कोल्हापूरचा, धारवाड-हुबळीकडचा गवई गाडीतून उतरून, वाद्य दाखवून पुढे जाऊ लागला. गाडीच्या धक्क्यांनी कितीतरी भोपळे तडकवले असतील. गल्लीला त्याचीही मजुरी मिळाली.

घरची निगा म्हणजे दुरुस्तीच्याच कामाची धाकटी पाती. खुंटी सरकायला लागली की खडू लावायचा. आधी खुंटीने तार ढोबळ जुळवायची, मग तारेतला मणी खालीवर करून बारीक. जोडाच्या दोन तारा एक झाल्या की मग घोडीवर तारेखाली सूत सरकवायचं, जवारी उघडते ती जागा सापडेपर्यंत. पोलादी तारा दमट हवेत गंजतात, खर्जाची पितळी तार काळवंडते आणि मंद होते. गंजक्या तारेची जवारी कितीही काढली तरी उपयोग नाही. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होतात. गवसणी चढवण्याआधी तारा थोड्या उतरवायच्या आणि तंबोरा भोपळ्यावर भार येईल असा कुठेही टेकवायचा नाही. एवढं सगळं केलं तरी तारा घोडीत हळूहळू चर पाडतातच. चर पडले की आवाज बसतो, आणि तिथून पुढे माझं काम संपून गल्लीचं सुरू होतं.

घोडीसुद्धा काळाप्रमाणे बदलली. हस्तिदंत आणि सांबरशिंग चालायचं, ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने गेलं. हाड, लाकूड, कृत्रिम पदार्थ आले. प्रत्येकाचा कठीणपणा वेगळा, म्हणून कानशीचा दाबही वेगळा.

खरा बदल आला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याबरोबर. मी त्याला नावं ठेवणार नाही. एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थिनीला पाच फुटी तंबोरा ठेवायला जागा नसते, आणि आता तर तो फोनमध्येच आहे. पण त्या पेटीला जवारी काढावी लागत नाही. दरवर्षी मिरजेला येणारं एक वाद्य त्यामुळे कमी होतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. दुसरीकडे केलेल्या मालावर आता मिरजेचं नाव घालता येणार नाही. मात्र हे मानांकन नव्या वाद्याला आहे, आणि नवं वाद्य चांगलं होतं ते जुनी परत येतात म्हणून. दहा वर्षं वाजलेला तंबोरा समोर आला की कारागिराला कळतं, दांडी कुठे वाकली, तबली कुठे दबली, कुठल्या जोडाने दगा दिला. पुढच्या तंबोऱ्यात तो तेवढं सुधारतो. ही वाट आटली, तर मिरजेत तंबोरे होत राहतील, पण ते फक्त दिसायला तंबोरे असतील. म्हणून शिष्यांना मी सांगते: नवा घेण्याआधी आजीचा माळ्यावरचा काढा, तारा बदला आणि मिरजेला न्या. जवारीची मजुरी नव्या तंबोऱ्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि गल्लीला तुमच्या खरेदीपेक्षा तुमच्या तक्रारीची गरज जास्त आहे.