खाड्याची भरपाई

रग्बी हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्याने पळणाऱ्याला आडवे पाडायचे, एवढे ध्यानात ठेवले तरी आजच्यापुरते पुरे. मला सांगायचे आहे ते इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातल्या फेदरस्टोन या कोळशाच्या खाणींच्या लहानशा गावाविषयी, आणि तिथल्या 'रोव्हर्स' संघाविषयी.

संघ निघण्यापूर्वीची एक गोष्ट आधी ऐका. १८९३ च्या उन्हाळ्यात खाणमालकांनी मजुरीत शेकडा २५ कपात मागितली. कामगारांनी ती नाकारली आणि टाळेबंदी झाली. ॲक्टन हॉल खाणीवर तशातही भुकटी कोळसा वाघिणींत भरला जातो आहे, हे पाहून लोक खवळले. लष्कर आले, आणि ७ सप्टेंबरला त्याने गोळ्या झाडल्या. जेम्स गिब्ज आणि जेम्स डगन हे दोघे तरुण त्यात मेले. सरकारी चौकशीने सैनिकांना दोषमुक्त ठरवले. अशा चौकश्यांचे निकाल आपल्यालाही अपरिचित नाहीत.

त्याच महिन्यात, २० तारखेला, लंडनमध्ये रग्बीच्या मध्यवर्ती संस्थेची सभा भरली. उत्तरेकडील क्लबांचे मागणे साधे होते. सामन्यासाठी कामगाराचा खाडा पडतो, तेवढ्या बुडालेल्या मजुरीची भरपाई त्याला मिळू द्या. ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. खेळ निव्वळ हौशी राहिला पाहिजे, असे म्हणणे पडले. ज्याच्या घरची चूल खेळाच्या दिवशीही पेटतच असते, त्याला हौस परवडते! १८९५ मध्ये उत्तरेच्या विसाहून अधिक क्लबांनी फारकत घेतली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई सुरू केली. त्यातूनच पुढे 'रग्बी लीग' हा वेगळा खेळ झाला.

फेदरस्टोन रोव्हर्स १९०२ साली निघाला आणि १९२१ मध्ये वरच्या स्पर्धेत आला. त्याचे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या बहुधा खाणीतूनच आले. खाणीच्या तोंडाशी शिट्टी घातली की खेळाडू वर येतो, असे त्या मुलखात थट्टेने म्हणत. १९६७ आणि १९७३ मध्ये त्यांनी चॅलेंज कप जिंकला. १९८३ मध्ये वेम्ब्लीच्या मैदानावर त्यांची गाठ हल या बलाढ्य शहरी संघाशी पडली. फेदरस्टोनच्या बाजूने पैज लावणारा विरळाच. डेव्हिड हॉब्जने दोन ट्राय केले, आणि अगदी अखेरच्या मिनिटांत स्टीव्ह क्विनच्या पेनल्टीने सामना १४-१२ असा जिंकला!

पुढच्याच मार्चमध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप सुरू झाला. तो मोडला, आणि १९८५ मध्ये ॲक्टन हॉल खाण बंद झाली. खाण गेली तरी संघ मात्र राहिला. १९९५ मध्ये दूरचित्रवाणीचा मोठा पैसा खेळात आला, तेव्हा फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड या शेजारच्या तिन्ही संघांचा मिळून एकच संघ करावा, अशी योजना पुढे आली. गावोगावच्या लोकांनी तिला कडाडून विरोध केला. विलीनीकरण झाले नाही.